जे खर्चात धरायचं नव्हतं

वहिनी, तुमच्या तेराव्याला नारळ किती आणायचे यावरून घरात वाद झाला, आणि मी सवयीने मधल्या भिंतीकडे तोंड करून तुम्हालाच हाक मारली. ‘वहिनी, ऐकलंत का’ एवढं तोंडातून निघालंसुद्धा. सगळे माझ्याकडे बघत राहिले. भावोजी उठून परड्यात गेले, आणि मी काही झालंच नाही अशा चेहऱ्याने विळी पुढ्यात ओढली.

वाद साधाच होता. आमचे हे म्हणत होते, पंधरा नारळ पुरेत, भाव काय झालाय बघताय ना. वाडीतल्या बायका म्हणत होत्या, सगळ्या वाडीच्या जेवणाला पंधरात काय होतं, तीस आणा, माणूस एकदाच जातं. मला दोघांचंही पटत होतं. कोकणात राहून नारळ विकत आणायचे याची लाजही वाटत होती. पण परड्यातल्या दोन माडांवर चढायला माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर तो जे मागतो त्यापेक्षा बाजारातले नारळ स्वस्त पडतात, हेही तितकंच खरं. तुम्ही काय म्हणाला असतात, याचा मी पुष्कळ विचार केला. स्वतःच्याच तेराव्याला तुम्ही हात आखडा म्हणाला असतात, की सैल सोडा? एकोणीस वर्षं तुमची धाकटी जाऊ म्हणून काढली आणि एवढंसुद्धा मला सांगता येईना. शेवटी तीस आणले. नऊ उरले. आता उरलेल्या नऊ नारळांकडे बघून हे मला काही बोलत नाहीत, पण बघतात.

त्यानंतर दोन दिवसांनी विनय वसईला परत गेला. तुमचा लेक खरा, पण रजा किती दिवस मिळणार. जाताना चपला घालता घालता त्याने विचारलं, “काकी, बाबांच्या जेवणाचं कसं करूया?” त्याला वाटलं असणार, मी पटकन म्हणेन, अरे हे काय विचारणं झालं, जेवतील आमच्यात. तुम्हालाही तसंच वाटलं असतं. मी म्हटलं, “बघू.” तो मान हलवून रिक्षात बसला.

तेव्हापासून तो एक शब्द मला खातोय. एका माणसाचं जेवण, तेही भावोजींसारख्या दीड भाकरीच्या माणसाचं. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? विनय विचारत होता तेव्हा माझ्या मनाने पहिला हिशेब तांदळाचा केला आणि दुसरा दुधाचा. भावोजी आपली पेन्शन माझ्यापुढे आणून ठेवतील, आंब्याच्या कॅनिंगमधल्या नोकरीची ती नावापुरती पेन्शन. ती ठेवली की पुन्हा एक डबा, एक चूल, आणि पुन्हा तो डबा विसाव्या तारखेला रिकामा. वहिनी, मला भावोजींची अडचण नाही हो. मला त्या डब्याची भीती वाटते.

त्या डब्याने आपल्याला काय कमी छळलं? मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच महिन्यात तुम्ही मला तो दाखवलात. बिस्किटांचा पत्र्याचा चौकोनी डबा, फडताळात कडधान्यांच्या मागे. एक तारखेला दोघे भाऊ त्यात सारखे पैसे टाकणार आणि तुम्ही त्यातून घर चालवणार. यांची मिळकत गणपतीपुळ्याच्या हॉटेलांवर, वायरिंगची कामं. हंगाम असला की हात भरलेला, पावसाळ्यात सुकाळच सुकाळ, फक्त पावसाचा. तरी यांनी टाकायचे ते टाकायचेच. तेव्हा डबा महिनाअखेरपर्यंत पुरायचा. दोन-चार नोटा उरल्या तर तुम्ही त्या वेगळ्या चिमटीत लावून ठेवायचात आणि आम्हाला त्याची आंबोळ्यांची न्याहारी मिळायची, म्हणजे घरचीच, पण वर भरपूर लोणी.

आपली पहिली खडाजंगी मासळीवरून झाली. मी नाट्याची, समुद्रकाठची. माहेरी होडी, घरात कायम मासळीचा वास, मासळी विकत घ्यायची असते हे मला लग्न होईपर्यंत नीटसं माहीतच नव्हतं. तुम्ही संगमेश्वराकडच्या आतल्या गावच्या, कुळीथ-नाचणीवर वाढलेल्या, तुमच्याकडे मासळी यायची ती आठवड्याच्या बाजाराची, बहुतेक सुकी. मी हौसेने पापलेटं घेऊन आले. तुम्ही भाव विचारलात. मी सांगितला. तुम्ही पाटीवरचं झाकण परत ठेवलंत, आत गेलात, पाणी प्यायलात आणि मग येऊन मासळी साफ करायला बसलात. सगळ्यांना वाढलंत आणि स्वतः आमटी-भात जेवलात. म्हणालात, मला काटे लागतात. पुढे चार वर्षांनी कळलं की मासळीचं डोकं चोखून खाण्यात तुमचा हात धरणारं वाडीत कोणी नाही. पापलेटाला काटे कुठे एवढे असतात, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आणि मग डबा आटायला लागला. आधी अठ्ठावीस तारखेला, मग पंचविसाला, मग बाविसाला. दोघे भाऊ टाकायची रक्कम वाढवत होते, तरी आटत होता. मी म्हणायची, महागाई. तेल बघा, डाळ बघा, गॅस बघा, आमच्या साक्षीच्या क्लासची फी बघा. तुम्ही तांदूळ निवडता निवडता म्हणायचात, “महागाई नाय ती, रेश्मा. आपले हात सुटलेत.” तुमचं ‘आपले’ म्हणणं मला टोचायचं, कारण त्यातले निम्मे हात माझे होते.

त्यात मी मार्टमध्ये लागले, बिलाच्या काउंटरला. मला वाटलं, आता माझ्याकडे पुरावा आला. रोज मशीनवर वस्तू धरायची आणि भाव डोळ्यांसमोर. कुठली साबणवडी त्याच किमतीत बारीक झाली, कुठल्या पाकिटात दाणे कमी झाले, सगळं मी संध्याकाळी तुम्हाला आणून सांगायची. पण तुम्ही मला विचारायचात दुसरंच. माणसं काय काय नेतात, ते सांग. मी सांगायची. एक बाई तेलाच्या भावाबद्दल मला पाच मिनिटं सुनावते, जणू मीच तो ठरवला, आणि तेवढ्यात काउंटरजवळच्या फ्रीजमधून तिचा नवरा आईस्क्रीमचा मोठा डबा काढून पट्ट्यावर ठेवतो. लोक दोन साबणांवर एक फुकट म्हणून तीन नेतात आणि पुढच्या आठवड्याला परत तीन. तुम्ही मान डोलवायचात. मी जो पुरावा म्हणून आणायची तोच तुम्ही उलटा वाचायचात. आणि गंमत म्हणजे उलटा वाचलेलाही खरा वाटायचा. काउंटरच्या अलीकडे उभी असले की मला महागाई दिसायची, आणि सुटीच्या दिवशी पलीकडे ट्रॉली घेऊन उभी राहिले की माझ्याच ट्रॉलीत तुमचं म्हणणं दिसायचं.

एकदा तुम्ही म्हणालात, वाद पुरे, करून बघूया. एक महिना पूर्वीसारखा काढायचा. मार्ट नाही, मोबाईलवरून मागवणं नाही, बाहेरचं खाणं नाही, मासळी आठवड्याला एकदा आणि ती बांगडा किंवा तारली. डबा महिनाअखेरपर्यंत पुरला तर हात सुटलेत हे मी कबूल करायचं. नाही पुरला तर महागाई आहे हे तुम्ही. हे आणि भावोजी दोघेही हसले. मला मात्र ते पटलं, मी लगेच हो म्हटलं. महिना ठरला तो फाल्गुनाचा.

फाल्गुनात शिमगा येतो हे रत्नागिरीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. ते आपल्याला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? पालखी घरी येणार, मुंबईचे सगळे चाकरमानी येणार, चार दिवस घरात पंधरा पानं उठणार, पुरणपोळ्या होणार, देवीची ओटी भरायची, नवी साडी लागणार. मी तुम्हाला आधीच विचारलं होतं, शिमग्याचं काय? तुम्ही शांतपणे म्हणालात, “ते देवाचं. ते खर्चात धरायचं नाय.” मला बरंच वाटलं, कारण साक्षीच्या क्लासचा हप्ताही त्याच महिन्यात होता. मी म्हटलं, मग पोरीच्या शिक्षणाचंही धरायचं नाही. तुम्ही म्हणालात, बरोबर, ते नाय धरायचं. मग तुमच्या पुतणीचं डोहाळजेवण निघालं. ते माहेरचं, धरायचं नाही. माझा फोन पडून फुटला. फोनशिवाय मार्टमध्ये हजेरी लागत नाही, म्हणजे ती नोकरीची गोष्ट, धरायची नाही. गॅस मधेच संपला, तो पाहुण्यांमुळे, म्हणजे शिमग्यातच गेला.

असा आपण दोघींनी तो महिना काढला. कागदावर एक पैसासुद्धा जास्तीचा गेला नव्हता. चहा-साखर, तांदूळ, कडधान्य, बांगडे, सगळं अगदी ठरल्यासारखं. आणि डबा एकोणीस तारखेला रिकामा. आपण दोघी तो पालथा घालून बघत होतो, वहिनी, आठवतंय का? खरं तर तेव्हाच हसायला हवं होतं. दोघी मिळून हसलो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं.

हसलो नाही. मी म्हटलं, बघितलंत, महागाई. तुम्ही म्हणालात, बघितलंस, हात. आणि मग मी जे बोलले ते मला आजही लिहवत नाही, पण लिहिते. मी म्हटलं की तुमच्या देवाला नि तुमच्या माहेरच्या माणसांना आमच्या घामाच्या पैशातून किती दिवस जेवू घालायचं? तुम्ही ओट्याजवळ उभ्या होतात. तुम्ही आवाज चढवला नाहीत. म्हणालात, “मग तुझी चूल तू मांड.” मलाही तेच हवं होतं, असं मला त्या दिवशी वाटलं.

घर तेच, चिरे तेच, मधे फक्त एक दार कायमचं बंद झालं. आणि वेगळं झाल्यावर पैसे वाचतील म्हणून मी काय केलं? दुसरा गॅस घेतला. दुसरा फ्रीज घेतला, हप्त्यावर. दुसरा मिक्सर, दुसरा कुकर. तुमच्याकडे एक वाटी डाळ शिजायची, माझ्याकडे एक वाटी, दोन्हीकडे थोडी उरायची. एकत्र असताना उरायचीच नाही. महागाई एवढी नसेल वाढली, जेवढं आपल्या भांडणाने घर महाग केलं. हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं आणि तीन वर्षं मी तुम्हाला सांगितलं नाही.

तुम्हालाही कळलंच असणार. तुम्ही तरी कुठे सांगितलंत? पण वाट्या चालूच होत्या. तुमच्याकडून खिडकीतून कुळथाची पिठी यायची, माझ्याकडून बांगड्याचं तिखलं जायचं. तुमच्या घरातून पिठीचा वास महिन्याच्या विसाव्या तारखेच्या पुढे रोज यायला लागला की मी समजायची, तुमचं संपत आलंय. माझ्या घरातून मासळीचा वास बंद झाला की तुम्ही समजत असाल. एका वाटीत माझ्या हाताने कधी दोन नोटा गेल्या नाहीत. तुमच्याही गेल्या नाहीत. गेल्या असत्या तर एकीला दुसरीचं खरं म्हणावं लागलं असतं, आणि आपण दोघीही आपापल्या माहेरच्या, हट्टाला कमी नाही.

यंदाच्या शिमग्याला मात्र मी तुमच्यावर जळले. मोकळ्या मनाने सांगते, जळले. पालखी आधी तुमच्या दारात आली. तुम्ही देवीला जरीची साडी नेसवलीत, ओटी भरलीत, पालखीबरोबरच्या सगळ्या माणसांना बसवून पुरणपोळ्या वाढल्यात. कोणाला नाही म्हटलं नाहीत. मी माझ्या दारात ब्लाउजपीस आणि नारळ घेऊन उभी होते. मला वाटलं, आहेत म्हणजे यांच्याकडे पैसे, उगीच पिठीचं नाटक. तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा कसं तेज होतं. तुम्ही मला हाक मारून एक पोळी माझ्या हातावर ठेवलीत. मी ती घरी आणून साक्षीला दिली. मी खाल्ली नाही, वहिनी. हे तुम्हाला माहीत नसलेलंच बरं होतं, पण आता सांगायला कोण राहिलंय?

मग तो सोमवार. तुम्ही तांदूळ निवडत होतात आणि सूप हातातून पडलं, एवढं भावोजींनी यांना सांगितलं. मी मार्टमध्ये होते. हॉस्पिटलात पोचले तेव्हा तुमच्या चेहऱ्याची एक बाजू उतरली होती, डोळे मिटलेले. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली शीर फुटली. विचारलं, ब्लडप्रेशरची गोळी चालू होती ना? भावोजी जमिनीकडे बघत होते म्हणून मीच पुढे होऊन म्हटलं, हो डॉक्टर, रोज, एकही दिवस चुकवली नाही. मला तुमचा अभिमानच वाटला असं म्हणताना. कारण मी रोज खिडकीतून बघायची, न्याहारी झाली की तुम्ही फडताळापाशी उभ्या राहून गोळी घ्यायचात. दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

विनय गेल्यावर मी तुमचं फडताळ आवरायला घेतलं. हळदीकुंकवाच्या जुन्या डबीत मला गोळ्या सापडल्या. सगळ्या अर्ध्या. सुरीने अगदी मधोमध कापलेल्या, कापसात ठेवलेल्या, जशा तुम्ही सुपाऱ्यासुद्धा नीट कातरायचात तशा. मला आधी अर्थच लागेना. मग लागला. चुकवली नाहीत एकही दिवस. अर्धी रोज घेतलीत.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. मी औषधाच्या दुकानात जाऊन त्या पट्टीची किंमत विचारली. मला वाटलं, भयंकर महाग असणार, म्हणजे मग मला कोणाला तरी शिव्या तरी देता येतील. वहिनी, महाग नाही हो ती. आधीपेक्षा वाढली आहे थोडी, पण साक्षी मैत्रिणींबरोबर एकदा पिझ्झा खाते त्याहूनही कमी. शिमग्याच्या एका दिवसाच्या गुळात तुमची वर्षाची गोळी पुरी झाली असती. मग का? पैसे नव्हते म्हणून? ते तर देवीच्या साडीला होते. काटकसरीची सवय म्हणून? मग साडी जरीची कशाला? मी डॉक्टरांनाही फोन करून विचारलं, पुरी घेतली असती तर? ते बिचारे म्हणाले, असं सांगता येत नाही, पुरी घेऊनही होतं काही जणांना. म्हणजे तेही मला कळणार नाही.

मी रात्रंदिवस उलटसुलट करतेय. कधी वाटतं, मी जिंकले. बघा, महागाईनेच तुम्हाला गोळी कापायला लावली. लगेच वाटतं, नाही, तुम्हीच म्हणायचात ते खरं, हात सुटलेले असतात, फक्त भलतीकडे. आणि मग त्या फाल्गुनातला आपला कागद आठवतो. देवाचं धरायचं नाही, पाहुण्यांचं धरायचं नाही, माहेरचं नाही, पोरीचं नाही. सगळ्या घरात एकच गोष्ट तुम्हाला खर्च वाटली, ती तुमची स्वतःची गोळी. तेवढी तुम्ही धरलीत. मला हे कळत नाही, वहिनी, आणि मी चिडलेय तुमच्यावर. माझ्याकडे खिडकीतून एक शब्द टाकला असतात तर? मी मार्टमध्ये दिवसभर लोकांचे फालतू डबे मशीनवर धरत होते. एक पट्टी मी आणली नसती?

आणली असती का? तेवढंही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. त्या पोळीचं काय केलं ते मला माहीत आहे.

आज सकाळी मी भावोजींना चहा आणि घावणे नेऊन दिले. तुम्हाला ठाऊक आहे, ते थोरले दीर, मी धाकटी सून, आमचं एकमेकांशी सरळ बोलणं एकोणीस वर्षांत झालेलंच नाही. त्यांना काही हवं असलं की ते तुमच्याकडे बघून बोलायचे, मी तुमच्याकडे बघून उत्तर द्यायची. आता मधे बघायला कोणीच नाही, म्हणून ते भिंतीकडे बघत होते आणि मी त्यांच्या ताटलीकडे. घावणे संपले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून आपल्या ब्लडप्रेशरच्या गोळीची पट्टी काढली, एक गोळी पाटावर ठेवली, अडकित्ता घेतला आणि मधोमध कापली. अर्धी घेतली. उरलेली अर्धी कागदाच्या पुडीत बांधून परत खिशात ठेवली.

मी सरळ त्यांनाच विचारलं, “भावोजी, अर्धी का?”

ते दचकले, मग खाली बघून म्हणाले, “तिनंच सांगितलंन. अर्धीनं भागतं म्हणाली. दोन वर्सं झाली.”

मला रडायला आलं आणि तुमचा रागही आला, दोन्ही एकदम. मी म्हटलं, आजपासून जेवण आमच्यात. ते मधलं दार मी आजच उघडून घेते. आणि डॉक्टरांनी लिहून दिलीय तशी गोळी पुरी घ्यायची. पहिल्यांदाच मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “नि मग महिना भागंल काय गो?”

एकोणीस वर्षं मी ज्याचं उत्तर मला पाठ आहे असं समजत होते, तोच प्रश्न. या वेळी मी महागाईही म्हटलं नाही नि हातही.

“नाही भागणार, भावोजी,” मी म्हटलं. “ती दुसरी अर्धी घ्या.”

त्यांनी खिशातली पुडी काढली, सोडली, अर्धी गोळी तोंडात टाकली, आणि माझ्याकडे पाणी मागितलं.